टाळूवरचा पदर

माझ्या बायकोच्या टाळूवर केस नव्हते. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला दुसरं काही बोलायला जागा राहू नये. तिला कसला रोग नव्हता. ती स्वतःच्या हातानं केस उपटायची. लग्न होऊन आली तवापासून उपटायची. शेवटी दवाखान्यात नाकात नळी होती तवाही तिचा हात उशीवरून टाळूकडं सरकायचा अन् मी तो धरून ठेवायचो. नर्सबाईला वाटायचं, म्हाताऱ्याचा बायकोवर लय जीव हाय. जीव होताच. पण हात मी त्याच्यासाठी धरला नव्हता.

आमी मेंढरांची माणसं. राणीसावरगावच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरं रानात गेली की बंद. तिची तेवढीबी न्हाई. लग्नाच्या पहिल्याच साली एकदा तिचा पदर ढळला अन् मला टाळू दिसली. तळहाताएवढी जागा उघडी. मला वाटलं चाई लागली. विचारलं.

"चाई न्हाई," ती म्हणाली. "मीच काढते."

"कशाला?"

"बोट जातं."

"दुखत न्हाई?"

"दुखतं. मग बरं वाटतं."

 नको काढू म्हणालो. ती बरं म्हणाली. मग तिनं माझा हात धरला, त्याच उघड्या टाळूवर ठेवला अन् शपथ घातली. हे कुणाला सांगायचं न्हाई. तुमच्या आईला न्हाई, माझ्या आईला न्हाई, उद्या लेकरं झाली तर लेकरांला न्हाई. लोक येडी म्हणतील. मी शपथ घेतली. त्यानंतर आमी दोघं त्याच्यावर बोललो न्हाई. बोलायला काय होतं? पदर डोक्यावर होता, पदराखाली काय हाय ते आमच्या दोघांत होतं.

बाकी ती कुणाला ऐकणारी बाई नव्हती. दुपारी बाया ओट्यावर बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघतात. ही सगळ्यांची डोकी बघायची, स्वतःचं कुणाला द्यायची न्हाई. कुणी म्हणालं, आणा तुमचं बघते, तर म्हणायची, "माझ्या डोक्यात उवा टिकत न्हाईत. त्यांला माझं तोंड सोसत न्हाई." बाया हसायच्या अन् इषय संपायचा. असं तिनं सगळं आयुष्य काढलं.

मेंढरांची कातरणी झाली की लोकरीचा ढीग तिच्या म्होरं यायचा. लोकरीत कुसळं असतात, गोखरू असतात, लेंड्या असतात. ते सगळं बोटांनी येचायचं, मग पिंजायचं, मग चातीवर सूत काढायचं. लोकर हातात असली की तिचा हात डोक्याकडं जात नव्हता. मला ते दिसायचं. पुढं लोकरीला कुणी विचारंना. कातरलेली लोकर लोक ओढ्याला टाकून यायले. आमच्या पोरानं मेंढरं काढून टाकली अन् शेळ्या धरल्या. शेळीला लोकर न्हाई. त्याच्यानंतर तिच्या टाळूवरची उघडी जागा वाढत गेली.

गेल्या साली थंडी सुरू व्हायच्या आधी ती गेली. छातीत पाणी झालं होतं. नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणून अहेव. अहेव बाईला न्हाऊ घालतात, डोक्याला तेल लावून वेणी-फणी करतात, मळवट भरतात, हिरवं लुगडं नेसवतात. मी सुनेला बाजूला बोलावलं अन् सांगितलं, "तिच्या डोक्यावरचा पदर काढू नका."

सून म्हणाली, "मामा, तुमी बसा बरं गुमान." दुःखानं माणूस काहीबाही बोलतो, तसं तिनं धरलं.

अंगणात लुगड्याचा आडोसा केला होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. आडोशामागं बाया रडत होत्या अन् एकदम थांबल्या. मग बारीक आवाजात बोलायला लागल्या. तवाच मला कळलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या कानावर आलं. म्हातारीला डोक्याचा कसला तरी रोग होता, अंगावर काढला, कुणाला सांगितलं न्हाई. मी ऐकलं अन् बसून राहिलो. मनात म्हटलं, रोग म्हणू द्या. रोग म्हटलं तर कुणी हसत न्हाई. उपटायची म्हटलं तर मेल्यावरबी हसतील. शपथ पण राहिली. मला वाटलं, चला, हे प्रकरण तिच्याबरोबर जळालं.

जळालं नव्हतं.

आमची थोरली नात नववीला हाय. दूध सुटल्यापासून ती आजीजवळच झोपायची. शाळेत दोन वेण्या अन् लाल रिबिनी लागतात, त्या रोज सकाळी आजीच घालायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई. तेरावं झालं अन् पोरीच्या आईनं फणी हातात घेतली. ती डोकं विंचरायली अन् फणी थांबली.

"मामा, हिकडं या."

उजव्या कानाच्या मागं, वर, रुपयापेक्षा मोठी जागा. मधी मधी खुंट.

मी जन्मभर मेंढरं बघितलेला माणूस. मेंढराची लोकर अशी ठिकठिकाणी गेली की ती खरूज. ते मेंढरू कळपातून काढायचं, वेगळं बांधायचं, भोवतालची लोकर कातरायची, करंजाचं तेल चोळायचं, अन् नवी लोकर फुटंपर्यंत कळपात सोडायचं न्हाई. एकाला दया दाखवली तर शंभराला लागती. हे आमच्यात लेकरालाबी ठाऊक हाय. मी पोरीचं डोकं बघितलं अन् म्हणालो, "खरूज हाय. शेळ्यांची लागली असंल."

सून म्हणाली, "शेळ्यांची कुठली. आजीची लागली. एका वाकळंवर झोपायच्या, एका फणीनं विंचरायच्या."

आजीला काही नव्हतंच, हे मला ठाऊक होतं. पण पोरगी उपटत असंल, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. कसं येणार? मला वाटत होतं, जगात असं करणारी एकच बाई होती अन् ती माझ्या घरात होती.

सून दहावी शिकलेली. तिनं मोबाईल तोंडाजवळ धरला अन् विचारलं, डोक्यावर चट्टा पडून केस गेले तर काय करावं. मोबाईलनं व्हिडिओची रास म्होरं टाकली. पहिल्यात एक बाई बोलत होती. बाई दिसत नव्हती, नुसता आवाज, अन् म्होरं डोक्यांचे फोटो सरकत होते. मी ध्यान देऊन ऐकलं. माणूस बोलताना मधी श्वास घेतो, आवंढा गिळतो, एखादा शब्द अडतो. ही बाई कुठंच थांबंना. मी म्हणालो, "ही दम कवा घेती?" सून म्हणाली, "मामा, ऐका आधी." बाई सांगत होती, हा बुरशीचा रोग हाय, एकाचा दुसऱ्याला लागतो, फणी वेगळी करा, टॉवेल वेगळा करा, अंथरूण वेगळं करा, घरात लहान लेकरं असतील तर लांब ठेवा.

धाकटी नात सहा वर्षांची. सुनेनं तिला ओढून मांडीवर घेतली.

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं. मेंढराला आमी जे करतो तेच बाई सांगत होती. त्यामुळं मला ती खरी वाटली.

त्याच दिवशी पोरानं म्हातारीची वाकळ, उशी, फणी अन् तिचं घोंगडं बांधावर नेऊन पेटवलं. घोंगड्याचं सूत तिनं स्वतः कातलं होतं, आमच्याच मेंढरांचं. लोकर जळताना केस जळल्यासारखाच वास येतो. मी तिथं थांबलो न्हाई.

गोठ्याला लागून पत्र्याचं छप्पर हाय, चाऱ्यासाठी केलेलं. तिथली जागा मीच झाडली, मीच बाज टाकली.  पोरीनं आपली उशी काखंत घेतली अन् आली. सून म्हणाली, शहाणी हाय माझी लेक. वेगळं बांधलेलं मेंढरू पहिले दोन दिवस ओरडतं, मग गप पडतं. ही पहिल्या दिवसापासून गप होती. तेवढ्यावरून तरी मला कळायला पाहिजे होतं.

मग इलाजाचे व्हिडिओ सुरू झाले. एकजण म्हणाला कांद्याचा रस. एकजण म्हणाला पोटात जंत झाले की केस जातात. एकानं एरंडेल तेलात काय काय घालायला लावलं. मग सुनेला एक पांढऱ्या कोटातला माणूस सापडला, गळ्यात डॉक्टरची नळी. तो म्हणाला, लसूण ठेचून रात्रभर बांधा, शंभर टक्के केस येतात. मी नातीला म्हणालो, "ह्या माणसाला मी कुठंतरी बघितलंय."

"आबा, परवा तुमी गोचिडाचा व्हिडिओ बघत होता ना, त्याच्यात हाच होता."

"मग हा माणसाचा डॉक्टर हाय का जनावराचा?"

"जे बिमार पडंल त्याचा."

आजी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग मोबाईल डोळ्याजवळ नेऊन म्हणाली, "खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ही नुसती माहिती हाय, इलाजाला डॉक्टरकडं जावं."

"मग तोंडानं का सांगत न्हाई?"

"तोंडानं सांगितलं तर लसूण कोण ठेचंल?"

सून चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. "हसा तुमी दोघं," ती म्हणाली. "खाली किती लोकांनी लिहिलंय, आमाला फरक पडला म्हणून. ते सगळे लबाड हायत का?" अन् लसूण ठेचायला बसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. लावताना फुंकर घालत होती, रडत होती. सकाळी कापड सोडलं तर कातडी निघून आली. पोरीच्या कानामागं पाण्यानं भरलेले फोड. सून दिवसभर जेवली न्हाई. व्हिडिओ पुन्हा लावून बघायची अन् म्हणायची, "मी त्यानं सांगितलं तसंच केलं की."

शाळेत बातमी आधीच गेली होती. पोरगी स्कार्फ बांधून जायची. बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडं बसल्या. एकीच्या आईनं म्हणे मास्तरांला सांगून पाठवलं. चार दिवसांनी पोरीचा पाय दुखायला लागला. मग पोट. मग ती शेळ्यांमागं माझ्याबरोबर यायली अन् शाळेचं नाव कुणी काढंना. तिचा बाप म्हणाला, केस येऊ दे, मग बघू. नववीतली पोरगी एकदा घरी बसली की पुढं काय होतं, ते आमच्याकडं सगळ्यांला ठाऊक हाय. लग्नाचं बघायला लागतात. अन् डोक्यावर चट्टा असलेल्या पोरीला कसलं स्थळ येतं तेही ठाऊक हाय.

एका दुपारी ओढ्याच्या कडंला बाभळीखाली मी पडलो होतो, तोंडावर उपरणं टाकून. उपरण्यातून दिसतं. शेळ्या बसल्या होत्या. पोरगी माझ्याकडं पाठ करून बसली होती. तिचा हात स्कार्फच्या आत गेला. बोट चाचपडत फिरलं, एक केस धरला, बोटाला गुंडाळला अन् काढला. मग तिनं तो उजेडात धरून त्याचं मूळ बघितलं, ओठावरून फिरवला अन् खाली टाकला. पुन्हा हात आत.

तीच दोन बोटं. ओठावरून फिरवायची तीच तऱ्हा.  मला वाटलं म्हातारीच बसली हाय.

मी उठलो न्हाई. पडल्या पडल्याच म्हणालो, "तुझी आजी असंच करायची."

तिचा हात तिथंच थांबला. मग ती म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"आजीनंच सांगितलं. मी सातवीत होते, तिनं मला पकडलं. मारलं न्हाई. पदर काढला अन् तिची टाळू दाखवली."

तवापासून आजी तिच्या वेण्या घालायची. भांग मधून न पाडता तिरपा पाडायचा, वरचे केस मागं आणायचे, जागा झाकली जाईल असं घट्ट गुंफायचं. पोरीच्या आईनं सरळ भांग पाडला अन् सगळं उघडं पडलं. दुपारच्याला आजी कुठून कुठून जुनी लोकर काढायची अन् दोघी कुसळं येचत बसायच्या. मला वाटायचं, म्हातारीला लोकरीचा मोह सुटत न्हाई.

"मग एवढे दिवस बोलली का न्हाईस? लसूण लावून घेतलास, गोठ्यात झोपलीस."

"आजीनं शपथ घातली होती. तिच्या टाळूवर हात ठेवून. तिचं कुणाला सांगायचं न्हाई म्हणून." मग म्हणाली, "माझं सांगितलं असतं तर तिचं निघालंच असतं. लोक तिला येडी म्हणाले असते."

एकाच टाळूवर हात ठेवून आमी दोघं शपथ घेतलेले, एकाच घरात एकमेकांसमोर जेवत होतो. अन् मधल्या मधी मेलेल्या बाईला रोगी ठरवलं अन् जित्या पोरीला वेगळं बांधलं. मला त्या वेळी माझ्या बायकोचा लय राग आला. ती म्होरं असती तर बोललो असतो. मग राग गेला अन् ती नुसती न्हाई, एवढंच राहिलं.

पोरीनं मोबाईल काढला. "आबा, हे बघा."

शहरातली एक मुलगी, केस बारीक कापलेले. स्वतःची टाळू कॅमेऱ्याला दाखवत होती. म्हणत होती, मी स्वतः उपटते, थांबवता येत न्हाई, ह्याला नाव हाय. नाव इंग्रजी, लांबलचक, मला म्हणता येत न्हाई. ती मधी थांबायची, आवंढा गिळायची, बोलता बोलता तिचाही हात वर जायचा अन् ती तो खाली घ्यायची.

"तुला हे कसं सापडलं? तुझ्या आईला तर दुसरंच सापडलं."

"आईनं विचारलं, केस का जातात. मी विचारलं, मी का उपटते. जे विचारलं ते सांगतो तो."

"मग हिचं खरं मानायचं?"

पोरगी म्हणाली, "ह्याच्यातलं खरं हाय. पण पुढच्या व्हिडिओत ती म्हणती, एकवीस दिवसांत सुटतं, मी जिंकले, तुमीबी जिंका. मी अन् आजीनं केलं ते."

"मग?"

"आजी पहिल्याच दुपारी हरली. म्हणाली, मी म्हातारी हाय, मला सूट." पोरीच्या तोंडावर जरा हसू आलं अन् गेलं. "मी सहा दिवस राहिले. मग एका रात्रीत लय काढले, आधीपेक्षा जास्ती. मला वाटलं, सगळ्यांचं सुटतं अन् माझ्यातच काहीतरी कमी हाय."

लसणानं कातडी भाजली. पण हिच्या बोलण्यावरून मला वाटलं, ह्या एकवीस दिवसांनी जास्ती भाजलं.

संध्याकाळी चुलीपाशी मी सुनेला सगळं सांगितलं. शपथ मोडतोय असं मनात एकदा म्हटलं अन् मोडली. तिनं भाकरी थापायची थांबवली न्हाई. "मामा," ती म्हणाली, "पोरीला घरात घ्यायचं म्हणून आत्याबाईंच्या नावावर काहीही घालू नका. गेलेलं माणूस हाय."

"तुला तिनं कवा डोकं बघू दिलं का?"

 तव्यावरची भाकरी करपली. एवढी वर्षं एका घरात काढली, सासूच्या डोक्याला तिचा हात लागला तो मेल्यावर. तिला ते आठवायलं होतं, मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "उवा टिकत न्हाईत म्हणायच्या." अन् पदर तोंडाला लावला.

"आधी का न्हाई बोललाव?"

"शपथ होती."

"मेलेल्याची शपथ," ती म्हणाली, "अन् जित्या लेकराला गोठा." ती मला असं कधी बोलली नव्हती. ती बोलली ते बरोबर होतं, म्हणून मी उठून बाहेर गेलो.

परभणीला आमी तिघं गेलो. आधी कातडीच्या डॉक्टरनं भिंगातून बघितलं अन् म्हणाला, बुरशी न्हाई, केस तुटलेले हायत, वरच्या मजल्यावर जा. वरच्या दारावर मानसोपचाराची पाटी होती. सून पाटी वाचून तिथंच थांबली. "मामा, हे येड्यांचं हाय."

"मग आपलंच हाय. चल."

आत एक बाई होत्या, आमच्या सुनेपेक्षा लहान असतील. त्यांनी आधी आमाला बाहेर बसवलं अन् पोरीशी एकटीशी बोलल्या. लय वेळ लागला. मग आमाला बोलावलं. पोरगी रडलेली होती, पण स्कार्फ मांडीवर होता. बाईंनी सांगितलं की हा आजार आहे, कुणाचा कुणाला लागत नाही, वेड नाही, मुद्दाम करत नाही. काढलेले केस गिळते का, ते त्यांनी विचारलं होतं, गिळत नव्हती. गिळत असती तर पोटात त्याचा गोळा होऊन बसतो म्हणाल्या. यावं लागंल, बोलावं लागंल, हाताला दुसरं काम द्यायला शिकावं लागंल, गरज पडली तर गोळी.

सुनेनं मोबाईल म्होरं केला. बाईंनी तिच्या हातातून घेऊन सगळं बघितलं, नावं ठेवली न्हाईत. न थांबता बोलणाऱ्या बाईचा व्हिडिओ बघून म्हणाल्या, "हा बरोबर आहे. पण दुसऱ्या आजाराचा आहे." लसणाच्या माणसाला बघून त्यांनी पोरीचा कान वाकवून फोडांच्या खपल्या बघितल्या अन् मलम लिहून दिलं. शहरातल्या मुलीचा व्हिडिओ त्यांनी पुरा बघितला. "हिचं ऐक," म्हणाल्या, "पण दिवस मोजू नकोस."

मी विचारलं, "बाई, शंभर टक्के बरी होईल का?"

"शंभर टक्के मला नाही सांगता येणार, आजोबा. कमी होईल. परत येईल. परत कमी करू."

"मोबाईलमधले तर सगळे शंभर टक्के म्हणतात."

"त्यांना पेशंट परत भेटत नाही," बाई म्हणाल्या. "मला भेटतो."

गावात आल्यावर मी दुपारी ओट्याकडं गेलो, जिथं बाया डोकी बघत बसतात. पुरुष माणूस तिथं जात न्हाई. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "माझ्या बायकोला रोग नव्हता. ती केस उपटायची. नातीलाबी तेच हाय. लागत न्हाई कुणाला. ज्यांनी आपल्या पोरी बाकावरून उठवल्या त्यांनी परत बसवाव्या."  मी वळल्यावर मागून एकीचा आवाज आला, "बायको गेल्यापासून म्हातारं हललंय." दुसरी एक बाई मान खाली घालून पदर पुढं ओढत होती. मी तिकडं बघितलं न्हाई.

मास्तरांला भेटलो. पोरगी शाळेत जायली. बाकावर अजून एकटीच बसती.

सुनेनं नवी वाकळ शिवली अन् घरात, आजीच्या जागेवर, अंथरूण घातलं. धाकटीला सांगितलं, ताई आता हितं झोपणार. पण थोरली दारातच उभी राहिली. म्हणाली, "मला तिकडंच बरं हाय." आई हाताला धरायली तर तिनं हात सोडवून घेतला. वेगळं बांधलेलं मेंढरू कळपात सोडलं तर पहिले काही दिवस कडंकडंनंच चालतं, हे मी बघितलंय. किती दिवस, ते मेंढरामेंढरावर असतं. सून उशी पोटाशी धरून उभी होती. 

मी माझी वाकळ उचलली अन् छपराखाली दुसऱ्या बाजेवर नेऊन टाकली. आता मी तिथंच झोपतो. पोरीनं नको म्हटलं न्हाई.

सून सकाळी तिकडंच येती फणी घेऊन. तिरपा भांग पाडायला शिकली हाय. पहिल्यांदा वेडावाकडा झाला, पोरगी आरशात बघून म्हणाली, "आई, आजीनं बघितलं असतं तर तुझी फणी मोडली असती." दोघी जरा हसल्या. कानामागं फोडांचे डाग हायत. त्या डागांवर केस येतील का न्हाई, ते बाईंनाबी सांगता आलं न्हाई.

हात अजून जातो. परभणीची खेप झाली की कमी होतं, परीक्षा आली की वाढतं. मी गावोगाव विचारून कुणाकडून तरी पोतंभर लोकर आणली. फेकूनच देणार होते. संध्याकाळी आमी दोघं कुसळं येचतो. लोकर संपली की हात मोकळाच असतो.

परवा येचता येचता तिनं विचारलं, "आबा, आजीचं मरेपर्यंत सुटलं न्हाई ना?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मग माझं?"

"मला ठाऊक न्हाई, माय."

तिनं हातातलं कुसळ नखानं काढून बाजूला टाकलं. म्हणाली, "व्हिडिओत असं कुणीच म्हणत न्हाई." अन् लोकरीचा अर्धा ढीग माझ्याकडं सरकवला.